तिसरा प्रिझर्व्ड

माझी आजी सायलेन्स. नावाचा अर्थ मौन, पण तिच्या तोंडाला कधी खीळ नव्हती, असं तिला तरुणपणी पाहिलेल्या बायका सांगायच्या. पाळकाच्या घरात सून म्हणून आली तेव्हा चरख्यापेक्षा तिचाच आवाज जास्त. सासरे म्हणायचे, "सूनबाई, बापानं तुझं नाव ठेवलं तेव्हा तू झोपेत होतीस वाटतं."

"जागी असते तर ठेवू दिलं असतं होय, मामंजी?"

आणि रविवारी प्रार्थनेच्या सभाघरात नरकाच्या आगीवर बोलून लोकांना घाम फोडणारा तो म्हातारा गालातल्या गालात हसायचा.

सासऱ्यांचं नाव प्रिझर्व्ड कॉर्लिस. प्रिझर्व्ड म्हणजे देवानं राखलेला. त्यांचे वडील तान्हे असताना विलायतेहून जहाजानं इकडे, समुद्रापलीकडच्या नव्या वसाहतीत आले. वाटेत जहाजावर देवीची साथ आली, अंगावरची पोरं एकेक करून समुद्रात सोडावी लागली, हे एकटं राहिलं. म्हणून त्याचं नाव प्रिझर्व्ड. तेव्हापासून कॉर्लिसांच्या घरात एक प्रिझर्व्ड असायचाच, आणि तो पाळकच व्हायचा. माझे आजोबा जोथम हे आजीच्या सासऱ्यांचे धाकटे. थोरला प्रिझर्व्ड शिकता शिकता तापानं गेला, म्हणून बाप थकल्यावर सभाघर यांच्याकडे आलं. सभाघर आलं, पण नाव नाही आलं. ते नाव आपल्या पोटच्या पोराला देऊन पुढं न्यायचं, एवढं काम त्यांच्या गळ्यात पडलं.

आमच्याकडे मूल मरतं, नाव मरत नाही. गेलेल्याचं नाव मागून येणाऱ्याला चढवायचं, थोरल्याचा अंगरखा धाकट्याला घालावा तसं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आजीलाही पहिल्यांदा वाटलं नाही.

आजीचा पहिला मुलगा, पहिला प्रिझर्व्ड, गेला तो घशाच्या रोगात. त्या साली मेरिमॅक नदीच्या दोन्ही काठांना घरंच्या घरं रिकामी झाली. पोराच्या घशात पांढरा पडदा धरायचा आणि श्वास शिट्टीसारखा वाजायचा. आजी त्याला मांडीवर घेऊन सारखी नावानं हाक मारत होती, की ऐकून तरी थांबेल. शेवटपर्यंत तिच्या तोंडात तेच नाव होतं. पुरून आल्यावर सासरे म्हणाले, "तू त्याला देवापेक्षा जवळ धरलंस, सूनबाई. देव ते खपवून घेत नाही." त्यांना तिला टोचायचं नव्हतं. आमच्यात दुःखात असंच बोलतात. आजोबांनीही मान डोलावली, आणि स्वतःलाही तोच दोष लावून घेतला.

दुसरा झाला, त्यालाही तेच नाव. गुटगुटीत, हट्टी, मक्याचा घाटा दिला की वाडगं डोक्यावर पालथं घालणारा. फेब्रुवारीतली दुपार होती. आजी मेणबत्त्या ओतत होती, आणि दाराची कडी नीट बसली नव्हती. तिनं वर पाहिलं तर पोर घरामागच्या ओढ्यावर, गोठलेल्या बर्फावरून टुकूटुकू पलीकडे चाललेलं. पलीकडे मेंढ्या होत्या. आजी दारात आली आणि तिनं हाक मारली, "प्रिझर्व्ड, आत ये रे, गारठा पडलाय."

आईचा आवाज ऐकून पोर थांबलं. वळलं, हसलं. थांबलं तिथंच बर्फ फाटला.

चालत राहिलं असतं तर पलीकडे गेलं असतं, असं तिला वाटायचं. लोकांनी सांगून पाहिलं, बाई, बर्फाला डोळे नसतात. पण तिनं मनाशी धरलं ते धरलं. नाव तिच्या तोंडातून निघालं की मरणाला पत्ता लागतो. त्या दिवसापासून तिची बडबड बंद झाली. चरखाच काय तो वाजायचा.

मग पुन्हा दिवस राहिले. आजी नवऱ्याला म्हणाली, "मुलगा झाला तर ते नाव नको."

"बाबा समोर बसलेले असतात, सायलेन्स. त्यांचं स्वतःचं नाव आहे ते."

"त्यांना लाभलं. माझ्या पोरांना नाही."

"नावात काही नसतं. तू पाळकाची बायको, तूच असं बोलायला लागलीस तर गाव काय म्हणेल?"

"नावात काही नसतं ना? मग दुसरं ठेवा."

आजीनं पवित्र शास्त्रातलं एक छोटंसं नाव निवडलं, आसा. त्यांच्या घराण्यात कुणी आसा जगलेला नव्हता की मेलेला नव्हता. मुलगाच झाला. बाळंतपणाच्या खोलीत रीतीप्रमाणे बायका केक खात, बिअर पीत बसल्या होत्या, तेव्हा आजोबा दाराशी आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आसा. कबूल." सुईण टेबर मावशी म्हणाली, "ऐकलं हं आम्ही सगळ्यांनी, पाळकसाहेब. आता फिरायचं नाही." बायका हसल्या. आजीही हसली म्हणतात. किती दिवसांनी.

पुढच्या रविवारी बाप्तिस्मा. जानेवारी होता. बाळंतीण घरीच राहायची, बाळाला सुईणीनं न्यायचं, अशीच रीत. सभाघरात आग पेटवत नाहीत. बायका पायाशी निखाऱ्यांच्या डब्या घेऊन बसल्या होत्या, तरी श्वासाची वाफ दिसत होती. भांड्यातल्या पाण्यावर बर्फ धरलेला, तो आजोबांनी मुठीनं फोडला. हात बुडवला, बाळाच्या कपाळावर धरला. समोरच्या बाकावर म्हातारे सासरे बसले होते. आजोबांनी वर पाहिलं, तोंड उघडलं, आणि म्हणाले, "प्रिझर्व्ड, मी तुला बाप्तिस्मा देतो."

टेबर मावशी बाळ घेऊन घरी आली ती खाली मान घालून.

"आणा हो माझ्या आसाला," आजी म्हणाली. "गारठला असेल."

मावशीनं बाळ दिलं आणि चुलीकडे तोंड फिरवलं.

"मावशी, पाणी फार थंड होतं का?"

"पाणी होतं थंडच, पोरी."

"मग?"

मागून आजोबा आत आले. हॅट हातात, बोटं निळी पडलेली. म्हणाले, "जीभ वळली, सायलेन्स. ओठ बधिर झाले होते. त्या जागी उभा राहून मी दोनदा तेच नाव घेतलंय. तोंडाला तीच वाट माहीत."

"मग पुन्हा जा. नीट करून आणा."

"बाप्तिस्मा पुसता येत नाही. एकदाच होतो."

"तुम्हीच पाळक ना गावचे?"

"म्हणूनच येत नाही."

खरंच जीभ वळली, की बापाचा चेहरा पाहून त्यांनी आपणहून वळवली, हे आजीला जन्मभर कळलं नाही. तिनं विचारलंही नाही. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही चढवलंत ना, मग हाकही तुम्हीच मारा. माझ्या तोंडून हे नाव निघायचं नाही."

आणि नाही निघालं. आसा म्हणायचीही सोय नव्हती, देवासमोर ठेवलेलं नाव सोडून दुसरं म्हणणं म्हणजे खोटं बोलणं. मग ती "ए", "अरे", "इकडे बघ" म्हणायची. लांब असला तर लोखंडी तवा आणि पळी घेऊन दारात उभी राहायची आणि ठणाठणा वाजवायची. सगळ्या गावाला तो आवाज माहीत. पोरं त्याला चिडवायची, "जा रे तव्या, आई बडवतेय."

पोरानं पाहिलं की इतर आया नावानं हाका मारतात. एकदा तो गवताच्या गंजीत लपून बसला, की शोधून शोधून थकली की नाव घेईल. ती तवा बडवत राहिली, बडवत राहिली, शेवटी पळीचा दांडा मोडला. पोर आपणहून बाहेर आलं, केसात गवत, डोळे लाल. म्हणालं, "आई, तुला माझं नाव येत नाही का गं?"

"येतं."

"मग?"

"घाटा निवतोय. चल."

तेवढंच. ती त्याला कुरवाळायचीही नाही, देवानं पाहू नये म्हणून. पोर वाढलं, शिकलं, बापाच्या मागून पाळक झालं. लग्न झालं, मुलं झाली. ते माझे वडील. गावातलं मेलेलं माणूस त्यांनी पुरलं, जन्मलेल्याला त्यांनी बाप्तिस्मा दिला, सगळ्यांची नावं त्यांच्या तोंडात. आणि त्यांच्या मनात एकच पक्कं बसलेलं, की आईला आपण नको होतो. आधीचे दोघे हवे होते. आपण नुसती त्यांची जागा अडवली.

माझी आई एकदा आजीला म्हणाली, "सासूबाई, एकदा घ्या की नाव. देवानं त्यांना राखलंय आता."

आजी म्हणाली, "म्हणूनच."

पुढं आजीला म्हातारपणी भ्रम झाला. दिवस, माणसं, सगळ्याची सरमिसळ. एका दुपारी वडील आत प्रवचन लिहीत बसले होते, आई आणि मी लोकर विंचरत होतो. आजी उठली. आम्हाला वाटलं, लाकूड घालतेय चुलीत. तिनं दार उघडलं, बर्फाचा वारा आत आला, आणि ती ओढ्याकडे तोंड करून म्हणाली, "प्रिझर्व्ड, आत ये रे, गारठा पडलाय."

आवाज अगदी तरणा होता.

वडिलांची खुर्ची मागं पडल्याचं मला ऐकू आलं. एवढा मोठा माणूस, कानशिलं पांढरी झालेली, धावत आला आणि तिच्यासमोर उभा राहिला. "आलो, आई."

तिनं वर पाहिलं. त्यांचा काळा अंगरखा पाहिला. म्हणाली, "बाजूला व्हा, पाळकसाहेब. माझं पोर बर्फावर आहे."

"आई, मीच. मीच प्रिझर्व्ड."

"तुम्ही नाही हो. लहान आहे तो." मग तिनं त्यांची बाही धरली आणि हळूच म्हणाली, "तुम्ही मारा ना हाक. माझ्या हाकेनं तो थांबतो. थांबू नये त्यानं."

वडील उंबऱ्यावर उभे राहिले. ओढ्यावर काहीच नव्हतं, नुसता बर्फ आणि पलीकडे कुंपण. त्यांनी स्वतःच्या नावानं हाक मारली. एकदा मारली, मग पुन्हा, जरा मोठ्यानं. आजी त्यांच्या दंडाआडून वाकून बघत होती.

मग त्यांनी दार लावलं आणि कडी नीट बसली का ते पाहिलं.

"आला नाही ना?" आजीनं विचारलं.

"नाही, आई."

"मला ठाऊकच होतं," ती म्हणाली, आणि चुलीशी जाऊन बसली.