मामांचा राहिलेला पेपर

बातमी आली तेव्हा मी छावणीच्या बाजारात मेथीच्या जुडीवरून घासाघीस करत होते. फोन आमच्या कॉलेजचे शिपाई रफिकभाई यांचा. रफिकभाई एरवी फोनवरसुद्धा ओरडून बोलतात, त्या सकाळी मात्र आवाज इतका खाली होता की मला दोनदा विचारावं लागलं. "मॅडम, बिडगर मामा गये... मुकुंदवाडीत, घरीच. चहा मागितला आणि बसल्या जागी गेले." मेथी तिथंच राहिली. आणि खरं सांगू? माझ्या मनात पहिला विचार आला तो असा : अहो मामा, निकाल तर लागू द्यायचा होता! माणूस गेल्याचं ऐकून कुणी असा विचार करतं का? मी केला. रागच आला मला त्यांचा. त्याला आता सहा आठवडे होत आले. मधल्या काळात असं काही घडलंय की ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, म्हणून लिहायला बसले.

काशिनाथ बिडगर हे आमच्या कॉलेजच्या परीक्षा विभागाचे अधीक्षक. पोरं त्यांना मामा म्हणायची, मग आम्ही प्राध्यापकही म्हणायला लागलो, शेवटी प्राचार्यांनीही सर म्हणायचं सोडलं. गंगापूर तालुक्यातल्या मेंढपाळ घरातला माणूस. वडील मेंढरं घेऊन गोदाकाठानं हिंडायचे, आणि त्यांची एक रीत मामांनी जशीच्या तशी ऑफिसात आणली होती. संध्याकाळी कळप वाड्यात आला की वडील आलेली मेंढरं मोजत नसत, न आलेली मोजत. कोणती दिसत नाही, ते नुसतं बघून सांगायचे. मामांचंही तसंच. निकाल लागला की सगळं कॉलेज पहिल्या आलेल्यांचे फोटो काढण्यात गर्क, आणि मामा कोपऱ्यात लाल पेन घेऊन राहिलेल्यांची यादी काढणार. कुणाचा एक विषय राहिला, कुणाचे अंतर्गत गुण चढलेच नाहीत, कुणाचा निकाल राखून ठेवला... मग एकेकाला फोन. "अरे पोरा, पाच मार्कांनी गेलाय तू, ग्रेसमध्ये बसतोय का बघू. उद्या ये. रडू नको, आधी जेव."

नवीन शैक्षणिक धोरण आलं तेव्हा तर काय धमाल उडाली! मेजर, मायनर, श्रेयांक, ग्रेड, सीजीपीए. आम्ही शिकवणारेच गांगरलो होतो, पालकांचं काय घेऊन बसलात. एकदा एक शेतकरी बाप मुलीची गुणपत्रिका घेऊन आला. म्हणाला, "साहेब, दहापैकी आठच? घरी तर रात्रंदिवस वाचती ही." मामांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "आठच नाय पाहुणे, आठ! गावात पेढे वाटा." त्याच मुलीला पुढच्या सत्रात एक जादा विषय ग्रेडसह घ्यायचा की ग्रेडशिवाय, असा पर्याय होता. ती घाबरून ग्रेडशिवायच्या चौकटीत खूण करायला गेली. मामांनी फॉर्मवर हात ठेवला. "जमतंय तर भेती कामून? ग्रेड घे." असं त्यांनी किती पोरांना सांगितलं असेल!

आता ऐका. मागच्या वर्षी विद्यापीठाचं एक परिपत्रक आलं. जुन्या अभ्यासक्रमातल्या ज्या विद्यार्थ्यांचा एखादा विषय राहून पदवी अडकली होती, त्यांना एक विशेष संधी, शेवटची. त्यात दोन पर्याय. पहिला, नुसतं 'उत्तीर्ण' : पस्तीस गुण लागतात, थोडे कमी पडले तर ग्रेसही मिळतात, पण पदवीवर क्लास येत नाही. दुसरा, ग्रेडसह : चाळीस लागतात, ग्रेस नाही, पण पास झालात तर सगळे जुने गुण धरून क्लास मिळतो. एकदा निवडलं की निवडलं. मामा ते परिपत्रक घेऊन मधल्या सुट्टीत माझ्याकडे आले. मी इंग्रजी शिकवते. मला वाटलं, कुणातरी जुन्या विद्यार्थ्याची शिकवणी गळ्यात मारताहेत.

"कोण आहे, मामा?"

"मीच हाय, मॅडम."

मी हसले. ते हसले नाहीत. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला सक्तीच्या इंग्रजीत गेलेला हा माणूस! हजारो पोरांना पदवीपर्यंत पोचवणाऱ्याची स्वतःची पदवी पस्तीस वर्षं लोंबकळत पडलेली, आणि कॉलेजात कुणाला पत्ता नाही. बारावीवर कारकून म्हणून लागले, अनुभवावर वर चढत गेले. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. मी विचारलं, "आता कशाला, मामा? बढती नाही, काही नाही." तर एवढंच म्हणाले, "राहिलंय ना एक. आणायचं."

त्यांनी खूण केली होती पहिल्या पर्यायावर. झालं! माझं डोकंच सटकलं. "पोरांना काय सांगता तुम्ही? जमतंय तर भिता कशाला, म्हणता ना? आणि स्वतः शेपूट घालताय?" प्राध्यापक कक्षात सगळे वळून बघायला लागले. मामा शांतपणे म्हणाले, "मॅडम, पोरांना पुढच्या वर्षी परत बसता येतं. मला नाय." मला पटलं नाही. आठवडाभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही. असा माझा स्वभाव. त्यांनी फॉर्म तसाच पाठवला.

आणि तो परत आला! का, सांगू? विद्यार्थ्याच्या सहीच्या जागी मामांनी सही केली होती आणि सवयीनं खाली शिक्का मारला होता, 'अधीक्षक, परीक्षा विभाग'. तीस वर्षं प्रत्येक फॉर्मवर हात तसाच चाललेला, स्वतःच्या फॉर्मवरही तसाच चालला. विद्यार्थ्याच्या अर्जावर विद्यार्थ्याचीच सही नाही, म्हणून अर्ज बाद. तो दिवस मुदतीचा शेवटचा. रफिकभाई हसून हसून बेजार, "मामा, आप को भी बॅकलॉग!" मामांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. मी स्कूटी काढली. "बसा मागे." साठीला टेकलेला माणूस, एका हातात फाईल, दुसऱ्या हातानं टोपी धरलेली, आणि दर गतिरोधकाला "हळू मॅडम, हळू, परीक्षेआधी मारता काय!"

विद्यापीठाच्या खिडकीवर ही गर्दी. नवा फॉर्म मिळाला, पण घाईत मामांचा चष्मा ऑफिसातच राहिलेला. म्हणून मी लिहायला घेतलं. नाव, आसन क्रमांक, विषय... आणि ती चौकट आली. मी मामांकडे पाहिलं. ते घड्याळाकडे बघत होते. मी दुसऱ्या पर्यायावर खूण केली. हो, मी केली. न विचारता. मामांनी कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचला. न वाचता सही करणाऱ्यांतले ते नव्हतेच.

"मॅडम, हा दुसरा हाय."

"हो."

"चाळीस लागतात."

"माहीत आहे मला."

मागून लोक ढकलत होते. मामांनी पेन घेतलं आणि सही केली. 'काशिनाथ बिडगर', खाली काही नाही. प्राचार्य सुदैवानं त्याच दिवशी विद्यापीठात बैठकीला आले होते. त्यांना जिन्यात गाठलं आणि माझ्या पर्सवर फॉर्म ठेवून त्यांचीही सही घेतली. पाचला पाच कमी असताना अर्ज जमा झाला. आम्ही बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो. मामा दोन ग्लास प्यायले आणि म्हणाले, "नापास झालो तरी पुढचा रस मीच पाजतो."

मग चार महिने रोज मधल्या सुट्टीत शिकवणी. काय विद्यार्थी होता, अहो! निबंध पाठ करायला साफ नकार. "पाठ केलेलं तपासणाऱ्याला कळतं, मी बघितलंय ना." पत्रलेखनासाठी मी म्हटलं, कुणालाही पत्र लिहून दाखवा. त्यांनी कुलगुरूंना मोडक्यातोडक्या इंग्रजीत पत्र लिहिलं, निकाल वेळेवर लावण्याविषयी! तीन पानं! मी हसता हसता खुर्चीवरून पडायची बाकी होते. परीक्षेचं केंद्र दुसऱ्या कॉलेजात. मामा वर्गात शिरले तर पर्यवेक्षक आमचाच जुना विद्यार्थी, तो ताडकन उठून उभा राहिला, आणि त्याला पाहून सगळा वर्गही उभा राहिला. मामा म्हणाले, "बसा रे, मी पण पेपरलाच आलोय."

पेपर झाल्यावर मी फाटकाशी वाट बघत उभी होते. मामांनी प्रश्नपत्रिकेच्या कडेला पेन्सिलीनं बेरीज मांडलेली. कॉलेजात त्यांचा अंदाज कधी दोन-तीन मार्कांपलीकडे चुकत नसे, हे सगळ्यांना माहीत. "मॅडम, मी मोजलं. अडतीस पक्के. पुढचं नशीब."

अडतीस! पहिल्या पर्यायात आरामात पास. दुसऱ्यात नापास... कायमचे. मामाच मला समजावत होते, "होईल हो, चला, चहा घेऊ." अकराव्या दिवशी ते गेले.

मधले पाच आठवडे कसे काढले ते माझं मला माहीत. अंत्यविधीला गेले, दहाव्याला गेले, मामींसमोर बसले आणि तशीच उठून आले. मामींना परीक्षेचं काही ठाऊक आहे का, तेही कळेना. घरी नवऱ्यानं विचारलं, "तू एवढी का खचलीस?" मी त्याच्यावरच ओरडले. कुणाला काय सांगणार? मेलेल्या माणसाला मी नापास केलं असेल, असं? खूण माझी, पेन माझं, हट्ट माझा. त्यांनी आयुष्यभर एकेक मार्क जोडून दुसऱ्यांना वर काढलं, आणि त्यांच्या वाट्याला मी आले!

गेल्या मंगळवारी निकाल लागला. मी परीक्षा विभागात धावले. रफिकभाईंनी मामांच्याच टेबलावरचा संगणक आधीच लावून ठेवला होता. आसन क्रमांक टाकला. चक्र फिरतंय, फिरतंय... पान अडकलं. परत टाकला. परत अडकलं. रफिकभाई मोठ्यानं दुआ मागायला लागले. मी डोळे मिटून घेतले. आणि त्यांची किंकाळी, "मॅडम! सत्तेचाळीस!"

सत्तेचाळीस! ग्रेड सी! उत्तीर्ण! आणि खाली, सगळे जुने गुण धरून, सेकंड क्लास! आयुष्यात कुणाच्या सी ग्रेडवर मी एवढी ओरडले नसेन. रफिकभाई टेबल बडवत होते, पोरं दारात जमली, कुणीतरी प्राचार्यांना बोलावून आणलं. मी रडत होते की हसत होते, देव जाणे. जन्मात पहिल्यांदा मामांचा अंदाज नऊ मार्कांनी चुकला होता!

त्याच पावली मुकुंदवाडी गाठली. वाटेत पेढे घेतले. सुतकाचे दिवस सरले होते, तरी दाराशी पाय अडखळला, दुःखाच्या घरात पेढे न्यायचे का? मामींनीच पिशवी हातातून घेतली. मी भडाभडा सगळं सांगून टाकलं : परीक्षा, ती चौकट, अडतीस, माझा हट्ट. "मामी, खूण मी केली होती. ते नापास झाले असते तर..."

मामींनी सगळं ऐकून घेतलं. मग उठल्या, कपाटातल्या साडीच्या घडीतून एक पिवळी पडलेली पत्रिका काढली आणि माझ्या हातात दिली. त्यांच्या लग्नाची. वरच्या नावाखाली ठळक छापलेलं : चि. काशिनाथ, बी.ए.

"परीक्षा झालती तवा, निकाल बाकी व्हता," मामी म्हणाल्या. "मामंजी म्हणले, पास तर होणारच हाय, छापून टाका. लगीन झालं आन् आठ दिवसांनी निकाल. त्या दिवशी हे घरी आले, हातपाय धुतले, जेवले. पेढे नाय आणले. मला कळलं."

"तुम्ही विचारलं नाही कधी?"

"कशाला? माणूस आधीच लाजत व्हता. पस्तीस वर्षं मी ही पत्रिका कुणाला दावली नाय, आन् त्यांनी मागितली नाय. औंदा उशीखाली इंग्रजीचं पुस्तक दिसायला लागलं, तवा समजले."

मी निकालाचा कागद त्यांच्यापुढं धरला. त्यांनी बोट फिरवत तो सावकाश वाचला, नाव, गुण, शेवटची ओळ. मग पुडा उघडून एक पेढा मामांच्या फोटोपुढं ठेवला, एक माझ्या हातावर, एक स्वतः घेतला.

"बी.ए. तर पत्रिकेत छापलेलंच व्हतं, मॅडम," मामी म्हणाल्या. "सेकंड क्लास नव्हता. तो तुम्ही लावला."