जावयाची निळी टीम

लग्नानंतर माझी मुलगी अमेरिकेतल्या एका थंड शहरात राहायला गेली. त्या शहराच्या फुटबॉल टीमचा रंग निळा आहे, हे मला मुलीने नाही, जावयाने सांगितलं.

तो त्यांच्या लग्नानंतरचा पहिला जानेवारी होता. इकडे भिलाईत रविवारची सकाळ, सातचा सुमार. नवरा सेक्टरच्या मैदानावर फिरायला गेला होता आणि मी स्वेटर घालून चहा घेत होते. तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. एरवी मुलगी समोर असायची, त्या दिवशी जावई एकटाच होता. तिकडे अजून शनिवारची रात्र होती. मुलगी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला, तिची रात्रपाळी होती.

"बाबा नाहीत का?"

"फिरायले गेले. तुम्ही काय करून राहिले, बापू?"

"मॅच पाहून राहिलो, आई."

जावई गोंदियाचा, रेल्वेवाल्यांच्या घरचा. भाषा आमचीच. पण सासूने जावयाशी बोलायचं तरी काय? जेवण झालं का, थंडी किती, एवढ्यात दोन मिनिटं संपली. म्हणून मी आपलं विचारलं, "कोण जिंकून राहिलं?"

त्याने फोन टीव्हीकडे वळवला. तिकडचं फुटबॉल म्हणजे आपलं पायाने खेळायचं नव्हे. हेल्मेट घातलेली धिप्पाड माणसं एकमेकांवर आदळत होती आणि दर पाच सेकंदांनी खेळ थांबत होता. तो समजावून सांगू लागला. चार वेळा संधी मिळते, तेवढ्यात चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा. नेला की पुन्हा चार संधी. यार्ड म्हटलं की आमच्या भिलाईत मालगाड्या उभ्या राहतात ती जागा. मी तसंच काहीतरी बोलले, तर तो इतका हसला की त्याच्या हातातला फोन हलला.

मी तीस वर्षं स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात हजेरीचं काम केलेली बाई. नियम एकदा कळला की तो कुठे लागतो आणि कुठे नाही, हे पाहायची मला सवय. दोन रविवारांत मला खेळ बऱ्यापैकी कळला. प्लेऑफ म्हणजे हंगामाच्या शेवटी, जानेवारीत होणाऱ्या बाद फेरीच्या मॅच; एक मॅच हरलं की घरी जायचं, पुढच्या वर्षापर्यंत. हे तर मला फारच आवडलं. त्या वर्षी आमचे निळे पहिल्याच मॅचमध्ये हरले. हो, तोवर मी "आमचे" म्हणायला लागले होते.

निळे गेल्यावर कोणाची बाजू घ्यायची, यावर आमची खूप चर्चा व्हायची. जावई म्हणायचा, "ज्यांनी आपल्याले हरवलं तेच पुढे जिंकावेत, आई. म्हणजे आपण साध्यासुध्यांकडून नाही हरलो." मला ते पटायचं नाही. मी ज्या टीममध्ये कोणी वयस्कर, गुडघ्याला पट्टा बांधून खेळणारा माणूस असेल ती टीम धरायची. नवरा पेपरमागून म्हणायचा, "अवं, त्या पहिलवानांचं काय पाहते इतकं?" मुलगी पण हसायची. "आई, तू तो पक्की फॅन हो गई," म्हणायची.

असे तीन जानेवारी गेले. चौथ्या वर्षी दिवाळीच्या जरा आधी मुलीचा फोन आला. व्हिडिओ नव्हता, नुसता आवाज.

"आई, आम्ही वेगळे राहून राहिलो. दोन महिने झाले."

मी खुर्चीवर बसले. मारलं का, दारू पितो का, दुसरी कोणी आहे का, आया विचारतात ते सगळं मी विचारलं. ती म्हणाली, "तसं काही नाही ना, आई. नाही जमलं. चार वर्षं मी एकटीच त्या घरात राहिली, असं वाटते मले."

तेव्हा मला आठवलं. मॅचच्या वेळी मी कधीतरी विचारायची, ती कुठे आहे, तर तो म्हणायचा, "झोपली, आई." आणि मी पुढच्या खेळाकडे वळायची. एकदा तर ती मागे दारात उभी दिसली होती. ती झोपली नव्हती. तिचा चेहरा मला नीट दिसला होता, पण त्याच वेळी निळ्यांनी चेंडू पकडला आणि मी ओरडले.

फोन ठेवायच्या आधी तिने एक गोष्ट मागितली. "तू त्याच्याशी नको बोलू. निदान काही महिने. मले फार कसंतरी होते."

"नाही बोलत," मी म्हटलं. मनापासूनच म्हटलं होतं.

जानेवारीत निळे प्लेऑफमध्ये आले. रविवारी सकाळी फोन वाजला. जावयाचा मेसेज होता. एवढंच लिहिलं होतं: "आई, आपले आत."

मी मॅच लावूनच बसले होते. दहा-पंधरा मिनिटं मी त्या मेसेजकडे पाहिलं. मग लिहिलं, "पाहून राहिली." माझी समजूत मीच घातली की हे काही बोलणं नाही. खेळाचं आहे. मुलीचा विषय कुठे आहे यात? मॅच संपेपर्यंत आमचे चाळीसेक मेसेज झाले. निळे जिंकले. नवऱ्याच्या पायांचा आवाज आला तेव्हा मी सगळं पुसून टाकलं. पुसताना मला कळत होतं की खेळाचंच असतं तर पुसलं नसतं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच. त्या दिवशी मॅचच्या मधल्या सुट्टीत त्याने विचारलं, "ती बरी आहे का?"

आता त्याला काय उत्तर द्यावं? माणूस एकटा होता. मला चार वर्षं आई म्हणत होता. मी लिहिलं, "बरी आहे. पुढच्या महिन्यात दुसऱ्या शहरात चालली, तिथे नोकरी लागली." आणि शहराचं नावही लिहिलं. लिहिताना मला वाटलं, त्याला जरा बरं वाटेल की ती मार्गी लागते आहे. हे खरं आहे. पण ही बातमी माझ्याकडे आहे आणि त्याच्याकडे नाही, याची थोडी मजाही वाटली, हेही खरं आहे.

तीन दिवसांनी मुलीचा फोन आला. आवाज चढलेला होता.

"आई, त्याले माझ्या नवीन नोकरीचं कोणी सांगतलं? मेसेज आला त्याचा, नवीन शहरासाठी शुभेच्छा म्हणून. मी फक्त तिघांना सांगतलं होतं. तुले, बाबाले अन् हिले."

ही म्हणजे तिची तिकडची मैत्रीण. नागपूरची मुलगी. वेगळी झाल्यावर माझी लेक दोन महिने हिच्याच घरी, हिच्याच मुलांच्या खोलीत झोपली होती.

"तिनेच सांगतलं असंन," मुलगी म्हणाली. "तिचा नवरा त्याचा दोस्त आहे ना. मी आज तिले खूप बोलली. ती रडून राहिली होती, म्हणे मी नाही सांगतलं. झूठ बोलते."

मला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. तोंड उघडलं होतं मी. पण जे बाहेर पडलं ते असं: "जाऊ दे ना बेटा, ज्याने सांगतलं त्याने सांगतलं."

पुढचे चार दिवस मी स्वयंपाक करताना मीठ घातलं की नाही ते विसरत होते. ज्या मुलीने माझ्या मुलीला घरात घेतलं, ती माझ्यामुळे खोटी ठरली होती. नवऱ्याने विचारलं, "कावून अशी बसली?" मी त्याला सगळं सांगितलं. मेसेज पुसले तेही. तो म्हणाला, "मले सांगून काय होते? तिले सांग."

रविवारी निळ्यांची पुढची मॅच होती. मी टीव्ही लावला नाही. तिकडे शनिवारची रात्र, मुलगी जागीच असणार, म्हणून तिला फोन केला.

"मीच सांगतलं त्याले," मी म्हटलं. "मॅचच्या वेळी आम्ही मेसेज करत होतो. तुझ्या मैत्रिणीची काही चूक नाही."

तिने आधी एकच विचारलं.

"कधीपासून?"

"दोन आठवडे झाले."

"अन् मी तिले बोलली, ते तुले सांगतलं, तेव्हा तू गप्प राहिली?"

"हो."

"ती मॅच, आई?" ती म्हणाली. "मॅचसाठी?" आणि फोन ठेवला. ती रडली नाही. रडली असती तर मला काही बोलता तरी आलं असतं.

त्याच वेळी फोनवर जावयाचे मेसेज येत होते. निळे पुढे, निळे मागे. मी लिहिलं, "बापू, आता मले मॅचचं पाठवू नका. मी तिले शब्द दिला होता." त्याचं उत्तर लगेच आलं. "ठीक आहे आई. चूक माझी आहे, मीच विचारायला नको होतं." मग काही आलं नाही. दुपारी पेपरवाल्यांच्या साइटवर पाहिलं, तर निळे शेवटच्या मिनिटाला हरले होते. तिकडे तो त्या घरात एकटा बसून पाहत असणार, हे मला दिसत होतं. मी दोन शब्द लिहिले नाहीत. ते बरोबर केलं, असं सगळे म्हणतील. पण ज्याने मला तो खेळ शिकवला त्याचा मी नीट निरोपही घेतला नाही, हे मनातून जात नाही.

मुलीने मैत्रिणीची माफी मागितली. त्यांचं जमलं, पण आधीसारखं जमलं का, हे विचारायचा हक्क मला नाही. मी त्या मैत्रिणीला एक लांब मेसेज लिहिला होता. तिने नुसता जोडलेल्या हातांचा इमोजी पाठवला. एवढंच.

तीन आठवडे मुलगी फक्त बापाशी बोलायची. मग माझ्याशीही बोलायला लागली. जेवण, थंडी, दुर्गच्या मावशीचं ऑपरेशन. ती चांगली बोलते. पण आता मला गोष्टी झाल्यानंतर कळतात. तिला महिनाभर खोकला होता हे तो बरा झाल्यावर कळलं. घर बदललं हे सामान लावून झाल्यावर कळलं. मी विचारत नाही, आधी का नाही सांगितलंस म्हणून.

पुढच्या वर्षी प्लेऑफचे रविवार आले तेव्हा मी नवऱ्याला सकाळीच स्कूटर काढायला लावायची. आम्ही जवळच्या उतई गावाला जाऊन शेतावरची भाजी आणायचो. मेथी, पालक, टोपलीभर टमाटर. दोन माणसांना इतकी भाजी कशाला लागते? मी शेजारी वाटून टाकायची.

अशाच एका रविवारी आम्ही परत आलो आणि मी मेथी निवडायला घेतली, तर मुलीचा व्हिडिओ कॉल. मागे खूप गोंगाट होता. तिच्या नव्या ऑफिसातले लोक कोणाच्या तरी घरी जमले होते, मोठा टीव्ही चालू होता.

"आई, एक बता," ती जरा ओरडूनच म्हणाली. "ते मधातच पिवळं फडकं कावून फेकतात?"

या विषयावर माझ्याकडे तासभर बोलण्यासारखं होतं.

"कोणी नियम तोडला की पंच फेकतो," मी म्हटलं. "मग त्या टीमले मागे जावं लागते."

"किती मागे?"

"चुकीवर आहे. पाच यार्ड, दहा, कधी पंधरा."

तिने मान हलवली आणि बाजूला वळून कोणाला तरी इंग्रजीत तेच सांगितलं. टीव्हीवर कोणते रंग खेळत होते ते मला दिसत नव्हतं. तू कोणाच्या बाजूने आहेस, हे मला विचारायचं होतं. मी विचारलं नाही. ती पुन्हा स्क्रीनकडे वळली, मिनिटभर तशीच फोन हातात धरून मॅच पाहत राहिली, आणि मी इकडे मेथीच्या काड्या तोडत तिचा चेहरा पाहत बसले.