सदाने लपवलेली जखम

सदा गेल्याचं मला त्याच्या मुलीनं, वैशालीनं, फोनवर सांगितलं. सकाळचे साडेनऊ झाले असतील. आमच्या चांदीच्या कारखान्यात भट्टी नुकतीच पेटली होती. ‘काका, बाबा गेले,’ एवढंच ती म्हणाली. सदाला ठेवलेल्या कोल्हापुरातल्या मोठ्या हॉस्पिटलमधली लिफ्टची घंटा मात्र फोनवर ऐकू येत राहिली… मी कामगारांना काही सांगितलं नाही. माझ्या तोंडाकडं बघून त्यांनीच भट्टी बंद केली. आठवडाभर सगळे त्याच फोनची भीती मनात धरून होते. आज या गोष्टीला महिना उलटून गेला.

सदाशिव पोवार आमच्या गावच्या हॉस्पिटलात ड्रेसर होता. जखमा धुणं, मलमपट्टी करणं, टाके काढणं हे त्याचं काम. आमचं गाव हुपरीच्या शेजारचं. घरोघरी पैंजण आणि जोडवी बनतात, त्यामुळं भाजणं आणि कापणं रोजचंच. कोणाच्या हातावर तेजाब सांडतं, कोणाच्या पायावर आटवलेली चांदी पडते. पूर्वी अशा माणसाला एसटीत घालून कोल्हापूरला न्यावं लागायचं. म्हणून आमच्या वडिलांच्या पिढीनं वर्गणी काढून, अंगमेहनत करून हे हॉस्पिटल उभं केलं. भिंती चढत होत्या तेव्हा दिवसभर घुंगरं जोडून दमलेल्या बायका संध्याकाळी घागरी घेऊन भिंतींवर पाणी मारायला जायच्या. त्यांत सदाची आईही होती. गावात अजूनही त्याला कोणी हॉस्पिटल म्हणत नाही, लोकांचा दवाखाना म्हणतात.

सदा आणि मी एका बाकावर शिकलो. तो शेतकऱ्याचा मुलगा, मी जैनाच्या घरातला, कारखानदाराचा. शाळा सुटल्यावर मी वडिलांच्या धंद्यात बसलो आणि तो दवाखान्यात लागला. लग्नाआधी एकदा माझ्या तळहातावर तापलेली चांदी पडली. बोटं जुळून बसतील या भीतीनं मी रडकुंडीला आलो होतो. सदा रोज सकाळी कामावर जायच्या आधी घरी यायचा, पट्टी भिजवून भिजवून सोडवायचा आणि एकेक बोट सरळ करायला लावायचा. मी ओरडलो की म्हणायचा, ‘ओरड की. ओरडत ओरडत बोट हलीव.’ माझी बोटं आज चालतात ती त्याच्यामुळं.

…आणि त्याच हातानं मी सही केली. ते लिहायला नको वाटतं, पण सदाबद्दल लिहायचं तर ते टाळता येणार नाही. मी दवाखान्याचा विश्वस्त झालो होतो. डॉक्टर टिकत नव्हते, एक्स-रेचं मशीन बंद पडलं होतं, पावसाळ्यात बायकांच्या वॉर्डात बादल्या ठेवाव्या लागायच्या. अशात शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलवाल्यांनी दवाखाना चालवायला मागितला. इमारत रंगवू, तज्ज्ञ आणू म्हणाले. आम्ही विश्वस्त थकलेलो होतो. मलाही वाटलं, सुटलो. मसुद्यावर सगळ्यांनी सह्या केल्या आणि गावाची संमती घ्यायला सभा बोलावली.

दुसऱ्या दिवशी सदा कारखान्यात आला. आत आला नाही, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

‘आप्पा, तू सही केलीस व्हय?’

‘केली. दुसरा मार्ग काय हाय सांग.’

‘मार्ग मला म्हाईत न्हाय. पर आता माणूस भाजलं की दारात येतंय आणि मी पट्टी बांधतोय. उद्या तिथं काउंटर बसंल. आदी पैसं न् कार्ड इचारत्याल, मग जखम बघत्याल.’ जरा थांबून तो म्हणाला, ‘मला इचारायचं तरी हुतंस.’

एवढं बोलून तो गेला. त्यानंतर सभेपर्यंत तो गावभर हिंडला. ड्युटी संपली की एकेका घरी जायचा, ओट्यावर बसायचा, सभेला या म्हणायचा. भाषण करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. सभेच्या दिवशी दवाखान्याचं अंगण भरून गेलं. आम्ही खुर्च्यांवर होतो. शहरातून आलेल्या पाहुण्यांनी नकाशे दाखवले. मग सदा उठला.

‘मी शिकलेला माणूस न्हाय. एकच इचारतो. हितं ज्याच्या घरात मी कुणालाच कधी पट्टी केली न्हाय, त्यानं हात वर करावा.’

एकही हात वर झाला नाही. म्हाताऱ्या माणसांनी मान खाली घातली. पुढं बसलेल्या एका बाईनं नुसता पदर बाजूला करून भाजलेला दंड दाखवला. माझा हात मांडीवर होता, तो मी मिटून घेतला… मग उठलो आणि माझी सही मागं घेतो म्हणून सांगितलं. माझ्यामागून बाकीच्यांनीही घेतली. पाहुणे चहा न घेता गेले.

दवाखाना लोकांकडं राहिला. पण त्यानंतर सगळं चांगलं झालं असं नाही. तरुण पोरांनी छत दुरुस्त केलं, एक सर्जन आठवड्यातून दोनदा येऊ लागले, पुढं त्यांनीही येणं सोडलं. सदा निवृत्त झाला तरी रोज दवाखान्यात जायचा. नवीन सिस्टरला शिकवतो म्हणायचा. गेल्या उन्हाळ्यात तो लंगडताना दिसला. विचारलं तर ‘चप्पल लागली,’ म्हणाला. त्याला साखरेचा आजार होता हे मला ठाऊक होतं. मलाही आहे. तरी मी चपलेवर विश्वास ठेवला. पुढं त्याला ताप भरला. सिस्टरनं जबरदस्तीनं पायमोजा उतरवला तेव्हा दोन बोटं काळी पडलेली होती. त्यानं स्वतःच घरी पट्ट्या बांधून ती महिनाभर झाकली होती.

कोल्हापुरात त्याचा पाय गुडघ्याखालून काढला, तरी विष अंगात पसरलंच. मी शेवटचा भेटलो तेव्हा तो शुद्धीत होता. मी रागावलो. दुसऱ्याच्या जखमा धुण्यात जन्म घालवलास, स्वतःची दाखवली का नाहीस, असं विचारलं. त्यानं छताकडं बघत उत्तर दिलं.

‘दवाखान्यातल्या ड्रेसरचाच पाय सडला म्हटल्यावर तिथं कोण यील, आप्पा? लोक आदीच कमी झाल्यात.’ मग म्हणाला, ‘डॉक्टर मिळाला का?’

मी मिळाला म्हणून सांगितलं. ते खोटं होतं. त्याला ते कळलं की नाही, मला आजवर समजलेलं नाही…

परवा विश्वस्तांच्या बैठकीत पुन्हा एक तसंच, दवाखाना चालवायला मागणारं पत्र वाचलं गेलं. मी नको म्हणालो. बाकीच्यांनी ते पुढच्या सभेवर ढकललं. अंगण भरवणारा माणूस आता गावात राहिलेला नाही आणि माझं वय झालंय. पुढच्या सभेत काय होईल, मला सांगता येत नाही. बैठक संपल्यावर मी ड्रेसिंगच्या खोलीत गेलो. स्पिरिटचा वास तसाच होता. कापलेल्या पट्ट्या सदा रचायचा तशाच, घडीचं तोंड भिंतीकडं करून, रचलेल्या होत्या. टेबलावर साखरेच्या पेशंटांसाठी त्याच्या वळणदार अक्षरातला एक पुठ्ठा टेकवून ठेवलेला होता : ‘पाय दाखवायला लाजू नये.’

‘काढू का तो?’ सिस्टरनं विचारलं. ‘सदामामा गेल्यापासून बघवत न्हाय.’

‘राहू दे,’ मी म्हणालो. बाहेर कोणी पेशंट नव्हता. मी स्टुलावर बसलो, बूट काढले, मोजे काढले आणि पाय तिच्या पुढं केला.