मिठाच्या बरणीचं लाल झाकण

जगात चूक कोणाचीच नसते, असं मनापासून मानणारा एकच माणूस देवाने घडवला, आणि तो नेमका माझा जावई म्हणून रत्नागिरीला धाडून दिला. आता तुम्हीच सांगा, माडावरचा नारळ गडग्याच्या अलीकडे पडला की पलीकडे, यावरून जिथे दोन घरं दोन पिढ्या बोलत नाहीत, तिथे असल्या माणसाचं करायचं काय? दोष कोणाचा हे ठरल्याशिवाय आमच्याकडे जेवण पचत नाही. त्यातून जावयाला बोलायचं नाही ही जुनी रीत, आणि जावई दुसऱ्या कोणाला बोलू देणार नाही ही नवी. मग देवाने मला एवढं तोंड दिलंय ते कशासाठी?

लेकीची बदली इथल्या बँकेत झाली, तेव्हा हे जावईबापू आपली नोकरी पाठीवरच्या पिशवीत घालून आमच्या माडीवर राहायला आले. नोकरी कसली, तर राखण. लोक मोबाइलवरून वाणसामान मागवतात, त्या कुठल्याशा कंपनीचे कॉम्प्युटर बंद पडू नयेत म्हणून डोळ्यांत तेल घालून बसायचं. "हे कॉम्प्युटर असतात तरी कुठे?" मी विचारलं. "क्लाउडवर, आई." लेकीने समजावलं की क्लाउड म्हणजे ढग, पण ते काही ढगात नसतात, कुठेतरी लांब मोठ्या इमारतीत भाड्याने घेतलेले असतात. मग ढग कशाला म्हणायचं मेलं? आमच्याकडे चार ढग आले की पहिली लाईट जाते, आणि हा माणूस ढगाच्या भरवशावर संसार करतो!

लाईटीला मात्र तो पुरून उरला. इन्व्हर्टर एक, आणि तो दमला तर दुसरा. इंटरनेट दोन कंपन्यांचं, शिवाय खिशात तिसरं. "एकावर विसंबायचं नाही," हे त्याचं ब्रीद. चष्मे दोन, छत्र्या दोन, देवळात जाताना नारळसुद्धा दोन, एखादा नासका निघाला तर? मी एकदा मुद्दाम विचारलं, "आणि बायको हो?" त्याने चांगला विचार केला आणि गंभीरपणे म्हणाला, "तिथे धोका पत्करलाय." त्याचं दुसरं खूळ म्हणजे चालू गोष्ट मुद्दाम बंद करून बघायची. एका रविवारी आमचे हे न्हाणीत डोक्याला साबण लावून बसलेले असताना याने टाकीचं पाणी तोडलं. आतून बोंब, आणि हा बाहेर शांत. "बाबा, समजा पंप जळला. आता तुम्ही काय कराल?" जावयाला अहोजाहो करणारे आमचे हे त्या दिवशी प्रथमच एकेरीवर आले. "थांब, बाहेर येऊन सांगतो तुला!" तेव्हापासून न्हाणीत एक भरलेली बादली कायम असते, हे मात्र कबूल करायला हवं.

पण त्याचा खरा सोहळा म्हणजे बैठक. घरात काही बिघडलं की सगळ्यांना पडवीत बसवायचं आणि काय काय घडलं ते क्रमाने सांगायला लावायचं. नियम एकच, 'तुझ्यामुळे' हा शब्द उच्चारायचा नाही. त्याच्या कामात म्हणे अशीच पद्धत असते. एकदा विहीणबाई मंडणगडहून आल्या आणि आमच्या ह्यांनी हौसेने चहा केला. मिठाचा! विहीणबाईंनी, त्या माउलीने, अर्धा कप घेतलासुद्धा. त्यांची पाठ वळल्याबरोबर मी पदर खोचला. एवढ्या वर्षांच्या संसारात इतकी उघडीवाघडी चूक माझ्या हाती कधी लागली नव्हती हो! तर जावई मध्ये उभा. "आई, बाबांचा दोष नाही. बरण्या सारख्या, झाकणं सारखी, आणि ठेवलेल्या शेजारीशेजारी. आज बाबा फसले, उद्या तुम्ही फसाल." मी? स्वतःच्या स्वयंपाकघरात? संध्याकाळी त्याने बाजारातून लाल झाकणाची बरणी आणून मीठ तिच्यात भरलं. आमचे हे त्या दिवसापासून त्याचे भक्त झाले आणि माझ्या तोंडचा घास गेला तो गेलाच.

असा हा माणूस एका दुपारी माडीवरून उतरला तो पांढराफटक पडून. पानावर बसला नाही. पडवीच्या पायरीवर जाऊन आगरातल्या माडांकडे बघत राहिला. काय झालं ते लेकीने सांगितलं. त्याच्या कामाच्या दोन जागा असतात, एक सरावाची, एक खरी. सरावाची समजून त्याने खऱ्या जागेवरचंच काहीतरी पुसून टाकलं होतं. प्रत्येक गोष्ट दोनदा ठेवायच्या त्याच्या सवयीमुळे दुसरी प्रत होती आणि सगळं परत आलं, पण तोवर लोकांचा सकाळचा सगळा बाजार अडला. कंपनीने अजून अवाक्षर काढलं नव्हतं. यानेच आपणहून कळवलं, की चूक सर्वस्वी माझी. "राजीनामाही लिहून ठेवलाय," लेक डोळे पुसत म्हणाली. "म्हणतो, या कामाला पुन्हा हात लावणार नाही."

मला असा राग आला म्हणून सांगू! साऱ्या जगाला माफी, मिठाचा चहा करणाऱ्यालासुद्धा, आणि स्वतःला तेवढी नाही?

दिवेलागणीला मी पडवीत खुर्च्या मांडल्या, ह्यांना आणि लेकीला बसवलं. "जावईबापू, या इकडे. काय काय झालं ते क्रमाने सांगा."

"आई, सांगण्यासारखं काही नाही. माझ्यामुळे..."

"तो शब्द या पडवीत चालत नाही!" मी ओरडले. लेकीचं लग्न झाल्यापासून जावयावर पहिल्यांदा आवाज चढवला, आणि खरं सांगते, फार बरं वाटलं.

मग तो बोलायला लागला. आधी अडखळत, मग भडाभडा. आदल्या रात्रीही काही बिघाड होता, त्यामुळे झोप नव्हती. सोबत बघणारा सहकारी रजेवर. आणि पडद्यावर दोन खिडक्या उघड्या, एक सरावाची, एक खरी.

"दिसायला कशा असतात त्या?" ह्यांनी विचारलं.

"सारख्याच. काळ्या."

"आणि शेजारीशेजारी?" मी विचारलं.

हो म्हणता म्हणता त्याची मान स्वयंपाकघराकडे वळली.

"अहो, मग खरीला लाल झाकण लावा की!"

आधी लेक हसली, मग हे. तोही हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. मी उठून पान वाढलं. राजीनामा काही गेला नाही. त्याऐवजी त्याने कंपनीला उपाय लिहून पाठवला, आणि तिथल्या सगळ्यांची खरी खिडकी आता लालभडक दिसते म्हणे. ते लाल आमच्या मिठाच्या बरणीचं आहे, हे त्यांना कुठलं ठाऊक असायला!

यंदा लेकीची बदली पुण्याला झाली आणि माडी रिकामी झाली. आता घरात मनसोक्त बोलायला मी मोकळी आहे. परवा दूध उतू गेलं. गॅसपाशी आमचे हे होते, म्हणजे असायला हवे होते. मी पदर खोचून गेले, तोंड उघडलं, आणि बाहेर काय पडलं, तर "चला, बसा पडवीत." दोघंच बसलो. क्रमाने सांगितलं. दूध ठेवलं, तेवढ्यात जावयाचा फोन आला, हे बोलत बसले, मग मी घेतला, मग पुन्हा ह्यांनी घेतला, आणि फोन संपल्यावरही आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. चूक कोणाचीच नव्हती.

"आता यावर उपाय?" मी विचारलं.

ह्यांनी माडीच्या जिन्याकडे बघितलं. मग म्हणाले, "अगो, उपाय पुण्याला गेला."