विहीणबाईंची चोरून खरेदी

विहीणबाई फणसांच्या ढिगामागे डोळे पांढरे करून पडल्या होत्या. मी तोंडाशी पाण्याचा तांब्या धरला, तर त्यांनी दात घट्ट आवळून घेतले. मे महिन्यातलं भर दुपारचं ऊन. होळी गावच्या बाजारातली माणसं गोळा झाली. कुणी म्हणालं, फीट आली. मला ठाऊक होतं, फीट नव्हे, हट्ट.

अशी बाई उभ्या वसईत मी दुसरी पाहिली नाही. ही माझ्या सुनेची आई, मूळची घाटावरची, राहायला विरारला मनवेलपाड्यात. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं काही घ्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही, हा त्यांचा नेम. लोक असला नेम घरी आल्यावर पाळतात. विहीणबाई बाजारातही पाळायच्या. आणि बाजारात मी वांगी विकायला बसायचे. विहिणीकडून पैसे घेणारी मी नव्हे, फुकट नेणाऱ्या त्या नव्हेत. दुसऱ्या कुणाची वांगी घ्यावीत, तर ती त्यांच्या पसंतीला उतरायची नाहीत. मग उन्हाळाभर दर रविवारी त्या विरारहून यायच्या, आडोशाला लपायच्या आणि कुणा परक्या माणसाच्या हाती पिशवी देऊन त्याला माझ्याकडे धाडायच्या. एकदा तो माणूस वांगी घेऊन तसाच आपल्या घरी गेला. एकदा तर चर्चचे फादरच आले. हसू दाबत म्हणाले, "मावशी, कोवळी द्या. कुणासाठी ते सांगायची मला बंदी आहे." पिशवी लेकीच्या लग्नात वाटलेली, जांभळी. मी काय ओळखणार नाही? मी दोन वांगी जास्तीची टाकायचे. पुढच्या रविवारी ती दोन, सुकलेली, दुसऱ्याच कुणाच्या तरी हाती परत यायची.

त्या दिवशी धाडायला कुणी भेटेना. उन्हात उकिडव्या बसून बसून बाईंना घेरी आली.

"अवो विहीणबाई, पानी प्या!"

दात जेमतेम उघडले. "तुमचं नको."

"नळाचं हाय!"

"तांब्या तुमचा."

"इथं मेलात तर सुनेला काय सांगू? तुझी आय तांब्यापायी गेली?"

"नेम म्हणजे नेम."

ओठ कोरडे ठाक पडले होते, आवाज विरत चालला होता. मी त्यांच्या कमरेचा बटवा ओढून काढला, त्यांच्या डोळ्यांसमोर उघडला आणि त्यांच्याच पैशांचे ताडगोळे समोरच्या बाईकडून घेतले. सोलून एकेक तोंडात घातला. चार गिळल्यावर त्यांनी नीट डोळे उघडले.

"जून आहेत," म्हणाल्या. "पारखून तरी घ्यायचे."

सगळा बाजार हसला. मला हसू आलं नाही, मी पुढचा ताडगोळा सोलायला घेतला.

पुढच्या वर्षी नात झाली. बारशाला विहीणबाई माझ्या पडवीत मांडी घालून बसल्या, पाणी मागून प्यायल्या आणि तीनदा वाढून घेतलं. तिथून पुढे बाजारात त्या थेट माझ्या टोपलीशी येऊन बसायच्या. माझ्या गिऱ्हाइकांना माझ्यापेक्षा जास्त बोलायच्या. काही गिऱ्हाइकं तुटली, ती तुटली.

नात शाळेत जायला लागली त्या साली विहीणबाई दुखण्याने गेल्या. त्या दुपारच्या आम्हा दोघींतली आता मी एकटीच उरले आहे.