नारळी पौर्णिमेनंतरचा अंगठा

स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत मी लिहिलं होतं की कुठेही चूक झाली तर तिथेच थांब, पुढे जाऊ नकोस. शेल स्क्रिप्ट म्हणजे तरी काय, एकामागून एक आज्ञा एका फायलीत लिहायच्या आणि ती फाईल मशीनच्या हवाली करायची. मधली एखादी आज्ञा फसली तरी पुढची चालवत सुटायची तिला खोड असते, म्हणून शहाणी माणसं ही ओळ आधी घालतात. माझी स्क्रिप्ट आमच्या कंपनीच्या प्रत्येक सर्व्हरवर चालली आणि कुठेही थांबली नाही. मला अजून त्याचा राग येतो.

बोईसरजवळ, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत गोळ्या-औषधं पॅक करणारी आमची कंपनी आहे. तिथला आयटी विभाग म्हणजे मी, आणि बोलावलं की येणारा एक हार्डवेअरवाला. कामाच्या सोयीसाठी मी जवळच सरावलीत खोली घेऊन राहतो, पण घर दांडीला, किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यात. तिथे थोरल्या भावाची बोट आहे, वहिनी आहे, त्यांच्या दोन मुली आहेत. वहिनी माझ्याच कंपनीत पॅकिंगला आहे, ठेकेदाराकडून लागलेली. बोट हा भरवशाचा धंदा नाही. लागली मासळी तर लागली, नाहीतर डिझेल जाळून हात हलवत परत. भाऊ हे तोंडाने कबूल करायचा नाही, पण आमच्या घरची चूल पेटती राहते ती वहिनीच्या पगारावर. ती नोकरी गेली तर मुलींचं शिक्षण पहिलं बंद होईल हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

कंपनीत यायच्या आधी वहिनीचा एक दिवस संपलेला असे. पहाटे किनाऱ्यावर मासळी निवडायची, कोलंबी सोलायची, आणि बोंबलाचा हंगाम असला की बोंबील वाळत घालायचे. ज्यांनी ते काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची. बोंबील दिसतो लिबलिबीत, पण त्याचे दात सुईसारखे. रोजच्या रोज ते दात, मीठ आणि कोलंबीचे काटे बोटांवरून फिरले की बोटांच्या टोकांची कातडी अशी होते की तिच्यावर रेघ म्हणून उरत नाही.

आणि आमच्या गेटवर अंगठा लावून आत जायचं यंत्र.

मागच्या वर्षी त्याने वहिनीला बाहेर उभं केलं होतं. तेव्हा मी तेव्हाच्या मॅनेजरसाहेबांना विचारलं. ते जेवायला निघाले होते. चालता चालता म्हणाले, "अरे, कर काहीतरी." बोईसरमध्ये याला लेखी परवानगीपेक्षा जास्त वजन आहे. गेटच्या सर्व्हरवरच्या एका फायलीत मी हाताने एक ओळ घातली: अंगठा जुळला नाही, तर सुरक्षारक्षकाने चेहरा पाहून ओळखपत्राचा नंबर टाकावा आणि माणसाला आत घ्यावं. हजेरी लागली. प्रश्न मिटला. पुढे साहेबांची बदली झाली, ओळ राहिली.

अशा हाताने घातलेल्या ओळी आमच्या सगळ्या मशीनवर होत्या. कुठे कुणी तात्पुरतं काही केलेलं, कुठे कुणाच्या सांगण्यावरून. हेड ऑफिसला याची कुणकुण लागली आणि हुकूम आला, सगळ्या कारखान्यांचे सर्व्हर आता एकसारखे पाहिजेत. त्यासाठी एक सॉफ्टवेअर होतं. हेड ऑफिसच्या मुख्य सर्व्हरवर प्रत्येक मशीन कसं असावं याचं वर्णन लिहिलेलं असतं, आणि प्रत्येक मशीनवर त्या सॉफ्टवेअरचा एक छोटा हस्तक बसतो. त्याला एजंट म्हणतात. दर अर्ध्या तासाने तो मुख्य सर्व्हरला विचारतो, मी कसा असायला हवा? आणि जिथे फरक दिसेल तिथे वर्णनाप्रमाणे करून टाकतो. का फरक आहे, हे तो विचारत नाही. त्याला त्याचं काय!

एजंट बसवायची स्क्रिप्ट मीच लिहिली. वाईट नव्हती हो. मशीन कोणतं आहे ते आधी ओळखायची, मग पॅकेज आणायची, मुख्य सर्व्हरचा पत्ता लिहायची, ओळखीचं प्रमाणपत्र मागायची, एजंट चालू करायची. मला ती आवडली होती हेही सांगून टाकतो. काम करताना आनंद झाला होता.

गेटच्या ओळीचं मी विचारलं होतं. हेड ऑफिसमध्ये एक मुलगी हे काम बघायची, अतिशय गोड बोलणारी. फोनवर म्हणाली, "सर, आधी सगळीकडे बसवून घेऊ या, अपवादांचं नंतर बघू." मी म्हटलं, ही ओळ लागते आम्हाला. ती म्हणाली, "मग गेटवर एकदा चाचणी करून बघा ना, नाही जमलं तर थांबू." रास्तच होतं तिचं.

चाचणी केली. आषाढाचे दिवस होते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, मासेमारी बंद. एजंट बसला, पहिल्याच फेरीत त्याने माझी ओळ पुसली. मी मुद्दाम वहिनीलाच गेटवर बोलावलं, कारण अंगठ्याची अडचण तिचीच. तिने पदराला हात पुसला आणि अंगठा लावला. हिरवा दिवा. पुन्हा लावला. पुन्हा हिरवा.

"झाला समाधान?" ती म्हणाली. "आता आत जाव काय, का आरती करायची हाय तुमच्या यंत्राची?"

मी हसलो आणि हेड ऑफिसला कळवलं, चाचणी यशस्वी.

मच्छीमाराच्या घरात जन्मलेल्या माणसाने ही चाचणी आषाढात करावी! बोटी बंद असल्या की वहिनीच्या हातांना फक्त भांडी, धुणं आणि भात. तेवढ्यात बोटं भरून येतात, कातडी नवी होते, रेघा उमटतात. तिला कळलं नाही, कारण रेघा आहेत की गेल्या हे कोण बघत बसतं? मला कळलं नाही, कारण समोर हिरवा दिवा होता. तो खोटाही नव्हता.

नारळी पौर्णिमा झाली. सोन्याचा नारळ दर्याला गेला, गुलाल उडाला, बोटी पाण्यात उतरल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत गेटवरच्या सुरक्षारक्षकाचा फोन आला. "साहब, आपकी भाभी का अंगूठा नहीं ले रहा. वो कार्ड नंबर वाला भी बंद है." मी पळत गेलो. वहिनी दाराच्या बाहेर, मी आत, आणि मधे ते यंत्र लाल दिवा लावून बसलेलं. तिच्यामागे पॅकिंगच्या बाकीच्या बायका खोळंबलेल्या.

मी सर्व्हरच्या खोलीत गेलो, फाईल उघडली, ओळ परत घातली. वहिनी आत आली. अर्ध्या तासाने एजंटने ओळ पुसली. संध्याकाळी तिला बाहेर पडायचं होतं, पुन्हा घातली. हे आमचं रोजचं झालं. मी वेळेच्या आधी येऊन दार उघडं करायचो, तो मागून येऊन लावून घ्यायचा. वाऱ्यात अंगण झाडल्यासारखं. हेड ऑफिसच्या पडद्यावर आमचं गेटचं मशीन लाल दिसायला लागलं. त्या मुलीने काळजीने फोन केला, "सर, तुमच्याकडे कुणीतरी हाताने बदल करतंय." मी म्हटलं, मीच करतोय. कारण सांगितलं. बोंबलाचे दात, मीठ, सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बापरे. पण सर, हे धोरणात बसत नाही. तुम्ही अपवादाची विनंती टाका, मी पुढे पाठवते." मी विनंती टाकली. दोन दिवसांनी गेटच्या मशीनवर बदल करायचे माझे अधिकार काढून घेतले गेले. तेही धोरणातच होतं. आता माझ्याच सर्व्हरच्या खोलीतलं मशीन मी बघू शकत होतो, त्याला हात लावू शकत नव्हतो.

एजंट काढून टाकावा असंही मनात आलं. पण ज्या लॉगिन-खात्याने बसवता येतो त्याच खात्याने काढता येतो, आणि ते खातं आता माझं नव्हतं. बसवायची स्क्रिप्ट तेवढी माझ्याकडे राहिली होती.

मग आम्ही बाकीची बोटं लावून पाहिली. दहाही नोंदवली. करंगळी आठवडाभर चालली आणि गेली. रात्री खोबरेल लावून झोपायची, सकाळी गेटवर पावडर लावायची, सगळं झालं. मी तिला रबरी हातमोजे नेऊन दिले. तिने ते घालून दोन बोंबील अडकवायचा प्रयत्न केला. बोंबील निसटले, बायका खो-खो हसल्या, आणि हातमोजे धाकट्या पुतणीने फुगे करून उडवले.

ज्या दिवशी अंगठा लागायचा नाही त्या दिवशी वहिनी गैरहजर. सुरक्षारक्षक दया करून आत सोडायचा, ती दिवसभर उभं राहून काम करायची, पण यंत्राच्या लेखी ती आलेलीच नसायची. ठेकेदार वाईट माणूस नव्हता, पण त्यालाही वरून विचारणा होती. त्याने मला कँटीनच्या दाराशी गाठून सांगितलं, "भाई, दिवाली तक अंगूठा ठीक करवाओ. नहीं तो मुझे दूसरी औरत लानी पड़ेगी." अंगठा ठीक करवाओ! जणू पंक्चर होतं.

त्या सुट्टीला मी दांडीला गेलो. भाऊ जाळं दुरुस्त करत होता, वहिनी चुलीशी. मी सगळं सांगितलं. विनंती पाठवली आहे, उत्तर नाही, माझ्या हातात काही नाही.

"ता तुमीच बसवलाव ना?" वहिनी म्हणाली. आवाजात राग नव्हता, ती खरंच विचारत होती.

"मीच."

"मंग काढा."

"काढता येत नाय, वहिनी. माझ्या हातात नाय रेला."

तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "शिकून सवरून तुमी पन आमच्यासारकेच झालाव. बोट आपली, वारा दुसऱ्याचा." भावाने मान वर केली नाही. मला तेव्हा इतकं रडू येत होतं की मी उठून ओट्यावर गेलो.

वहिनीने काय ते आठवड्याभरात ठरवलं. आम्हाला विचारलं नाही. बोंबील वाळवायच्या दोऱ्यांवर आमच्याकडे घराघराची जागा ठरलेली असते, सासूकडून सुनेकडे येते. आमच्या घरची जागा आईने वहिनीला दिली होती. वहिनीने ती त्या हंगामापुरती शेजारच्या घरी देऊन टाकली आणि पहाटे किनाऱ्यावर जाणं बंद केलं. भावाची मासळी व्यापारी ओलीच उचलायला लागला, म्हणेल त्या दराने. वहिनी घरी पोळ्या लाटून, मुलींच्या वेण्या घालून पहिल्या जीपने बोईसरला यायला लागली. दिवाळीच्या आत तिचा अंगठा भरून आला.

अपवादाची विनंती मंजूर झाल्याचं पत्र त्यानंतर आलं. वरातीमागून घोडं. त्या मुलीने खूप पाठपुरावा केला होता, हे मी मानतो. फोनवर ती इतकी खूश होती की मी आभार मानून फोन ठेवला. मंजुरी फक्त वहिनीच्या ओळखपत्राच्या नंबरापुरती होती.

मी लगेच दांडीला गेलो. म्हटलं, आता दोन्ही करता येईल, सकाळी किनारा, मग कंपनी. वहिनीने ऐकून घेतलं. म्हणाली, "हंगामाला दिलेली जागा मधेच मागत नाय, भावोजी. लोका काय म्हनतील?" तरी माझ्या समाधानासाठी असेल, ती उठली. किनाऱ्यावर शेजारीण आमच्या दोऱ्यांवर बोंबील टाकत होती, तिच्या टोपलीतून वहिनीने दोन उचलले आणि जबडे एकमेकांत अडकवले. आधी हे ती माझ्याशी बोलता बोलता, न बघता करायची. आता बोट चटकन मागे आलं. टोकावर रक्त होतं.

"कंपनीवाल्या बायचे हात," शेजारीण हसून म्हणाली.

वहिनीही हसली. बोट तोंडात धरून तिने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. परत येताना वाळूत ती माझ्या पुढे चालत होती.

पुढच्या हंगामात ती जागा मागता आली असती. तिने मागितली नाही.

ती ओळ आता हेड ऑफिसच्या वर्णनात लिहिलेली आहे. म्हणजे कुणी ती पुसायला गेलं तर एजंट ती परत घालतो. दर अर्ध्या तासाने तो आमच्या गेटवर येतो आणि वहिनीच्या नंबरासाठी दार उघडं आहे ना, हे तपासून जातो. वहिनी रोज सकाळी येते, अंगठा लावते, हिरवा दिवा लागतो आणि ती आत जाते.