पुसलेलं उत्तर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगण्यासारखं नव्हतं म्हणून नव्हे — तोंड दाखवायला जागा राहिली नसती म्हणून.

महाडला घरातच मी एक छोटा सर्व्हर चालवतो. कुठल्या कंपनीचा नाही; माझ्यासारख्याच हौशी लोकांनी आपापले सर्व्हर थाटले आणि एकमेकांना जोडले. एकाकडे लिहिलं की त्याची प्रत सगळ्यांकडे जाते. फोन अडला, कॉम्प्युटर बसला, की लोक तिथे विचारतात. आणि उत्तर द्यायला मी — कायम पहिला. बरोबर असण्यापेक्षा पहिलं असणं मला प्यारं होतं. तेव्हा हे कुणी तोंडावर म्हटलं असतं, तर त्याला फाडून खाल्लं असतं.

पोलादपूरकडच्या एकाने विचारलं. वडील गेलेले, जाखडीच्या नाचात ते गायचे. त्यांची सगळी गाणी एका हार्ड डिस्कवर, आणि डिस्क उघडेना. मी लिहिलं — पूर्ण फॉरमॅट कर, मग गाणी परत काढता येतात. तो बिचकला. "दादा, पुसून नाय ना जानार?" मी चारचौघांत टोला हाणला — "नांगर धरायला नाही सांगितलं रे, बटण दाब!" लोक हसले. त्याने दाबलं.

जुन्या कॉम्प्युटरवर ते चालायचं. नव्यांवर पूर्ण फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी. मला ते ठाऊक नव्हतं — आणि ठाऊक नाही म्हणायला माझी जीभ कुठे वळते?

इथवरच असतं, तर एक वेळ... नाही. पुढचं ऐका.

गाणी गेली म्हणून सांगायला तो परत आला, तोवर चूक कळून मी माझं उत्तर उडवून टाकलं होतं — एकाकडे पुसलं की निरोप जाऊन सगळ्यांकडची प्रत पुसली जाते. वर त्यालाच विचारलं — असं मी लिहिलंय कुठे? दाखव. "तुमीच बोललात ना दादा," एवढंच तो म्हणत राहिला. मग आमची टोळी त्याच्यावर तुटून पडली. खोटारडा. स्वतः माती खातो आणि दुसऱ्याच्या नावाने खडे फोडतो. यातलं एकही वाक्य मी थांबवलं नाही. थांबवणं माझंच काम होतं. तो गेला, पुन्हा फिरकला नाही.

एक प्रत मात्र उरली होती. दासगावच्या एका मास्तरांचा सर्व्हर तेव्हा लाईट गेल्याने बंद पडलेला. पुसायचा निरोप तिथे पोचलाच नाही. मास्तरांनी मला एकट्याला विचारलं, "हे तुमचंच ना हो?" मी त्यांच्या सर्व्हरशी आमचा जोडच तोडला, आणि कारण दिलं — तिकडून कचरा येतो. सगळ्यांनी मानलं. माझ्या शब्दाला वजन होतं ना!

इथे लिहिणं सोपं आहे. ते लोक हे वाचत नाहीत.

गाणी माझ्याच्याने परत येणार नाहीत. पण तो खरं बोलत होता, आणि खोटा मी होतो — हे त्याच लोकांसमोर, माझ्या नावानिशी लिहिणं, एवढं मी त्याचं देणं लागतो. अजून लिहिलेलं नाही.